मिनिटाला दहा हजार फेऱ्या

माणसानं सहसा कुणाला शब्द देऊ नये. दिलाच तर स्वतःच्या वतीनं द्यावा, यंत्राच्या वतीनं तर मुळीच देऊ नये. मी दिला. तोही आमच्या मेहरूणच्या अभ्यासिकेच्या पायरीवर, भरदुपारी, पन्नास-साठ माणसांच्या समोर, छातीवर हात ठेवून. माझी बायको प्राची म्हणते, हात छातीऐवजी तोंडावर ठेवला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

अभ्यासिका म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एका ट्रस्टनं चालवलेली जागा. खाली टेबलं, वर चौसष्ट कॉम्प्युटर आणि जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर. मी, देवचंद बैसाणे, तिथला संगणक विभागप्रमुख. विभागात दुसरं कुणीच नसल्यामुळे माझ्या प्रमुखपदाला आजवर कुणाकडून धोका पोचलेला नाही. लोक मला 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणतात आणि मिक्सर, इस्त्री, टीव्हीचा रिमोट अशा वस्तू विश्वासानं घेऊन येतात. ते असो.

दरवर्षी आम्ही एक निवड परीक्षा घेतो. त्यात पहिला येईल त्याला पुण्यातली एक संस्था वर्षभर राहणं, जेवण आणि शिकवणी फुकट देते. जागा एकच. मागच्या वर्षी शिंदखेड्याच्या मृणालीचे एकाहत्तर प्रश्न सोडवून झाले होते आणि सर्व्हर लटकला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा बाकीच्यांची चार-दोन उत्तरं गेलेली, पण हिची एकाहत्तरही साफ. तिच्या आई कलाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. सकाळच्या पॅसेंजरनं पोरीला घेऊन आल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या पायरीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मनी पोरले बठ्ठं येत व्हतं. तुमना मशीनलेच काही येत नव्हतं."

पोरीला सगळं येत होतं हे खरं होतं, म्हणूनच लागलं. मी म्हणालो, "अक्का, पुढच्या वर्षी सर्व्हर अडला तर मी ही नोकरी सोडीन." संस्थेची वयाची अट अशी की पुढचं वर्ष मृणालीचं शेवटचं. म्हणजे तिच्याकडे एक संधी आणि माझ्याकडे एक नोकरी, दोन्ही एकाच लोखंडी पेटीवर टांगलेल्या.

त्या पेटीची, म्हणजे सर्व्हरची, ओळख करून देतो. पुण्यातल्या एका कंपनीनं नवीन सामान घेतलं तेव्हा जुनं आम्हाला दान दिलं, त्यातली ती. तिला चोवीस खण. एकेका खणात तळहातावर मावेल एवढी एक हार्ड डिस्क उभी बसते. दान आलं तेव्हा आठ डिस्क होत्या. त्यातल्या तीन आता बिघाडाचा पिवळा दिवा लावून बसल्या होत्या आणि चौथीचा रंग ठरत नव्हता. चौसष्ट मुलं एकाच क्षणी बटण दाबतात तेव्हा चौसष्ट ठिकाणची माहिती एकदम काढावी लागते, त्याला झपाट्यानं फिरणाऱ्या डिस्क लागतात. मिनिटाला दहा हजार फेऱ्या, आकारानं लहान, नग आठ. एवढी साधी मागणी. मी ती साध्या कागदावर लिहिली, ही पहिली चूक.

आमच्या शेजारी प्रेमराज नाना राहतात. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, पण जिल्हा परिषद काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते ट्रस्टच्या खरेदी समितीचे सचिव आहेत, त्यामुळे आमच्या दोन घरांमधली भिंत हेच समितीचं आवक-जावक टेबल. अर्ज मी भिंतीवरून दिला. नानांनी तो लांब धरून वाचला.

"बैसाणे, 'डिस्क' ही वस्तू आपल्या जडसंग्रह नोंदवहीत नाही."

"मग घ्या ना नोंदवहीत."

"नोंदवहीत नसलेली वस्तू घेता येत नाही, आणि घेतलेली नसलेली वस्तू नोंदवहीत येत नाही." नानांना माझी दया आली असावी, कारण ते थोडं थांबून म्हणाले, "कॅसेट आहे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली घेतल्या होत्या. फिरतात का या तुमच्या डिस्क?"

"फिरतात."

"झालं तर!" नाना म्हणाले. आणि माझा अर्ज 'कॅसेट, फिरती, लहान, नग आठ' या नावानं समितीपुढे गेला. तीन प्रतींत. सोबत तीन दुकानांची कोटेशनं, जी मी धुळ्याला जाऊन आणली. तिन्ही दुकानदारांनी 'कॅसेट' हा शब्द वाचून माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं, त्यावरून व्यापारात एकवाक्यता असते हे कळलं.

समितीचे अध्यक्ष भिकन आबा केळीचे व्यापारी. सबंध आयुष्य माल वजनावर घेतलेला. मी नमुन्यादाखल जुनी बंद डिस्क नेली होती, ती त्यांनी हातात घेऊन खालीवर केली. मग पुतण्याच्या घरची मोठी डिस्क मागवली आणि दुसऱ्या हातात धरली.

"सर, हाई धाकली शे," आबा म्हणाले.

"हो आबा."

"हाईमा कमी मावस."

"हो, बरंच कमी."

"आन महाग बी हाईच शे?"

"हो."

आबांनी समितीकडे पाहिलं. समितीनं छताकडे पाहिलं. "भो, धाकली केळ, घडमा कमी केळी, आन भाव जास्त! असा माल मी इकसू ना, ते लोक माले रावेरपर्यंत पळावतीन."

एका सभासदानं वर्तमानपत्रात वाचलं होतं की हल्ली एसएसडी नावाची चीज निघाली आहे. मी म्हटलं, निघाली आहे, उत्तमच असते, पण आपल्या पेटीला चालेल अशी फारच महाग पडते. आणि प्रामाणिकपणा माझा घात करतो म्हणून पुढे म्हणालो, की तिच्यात काही फिरत नाही. आबा दचकले. "काहीच फिरत नही? मंग पैसा कसाना?" तो विषय तिथेच संपला.

मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटी निरुपायानं पंगतीवर आलो. म्हटलं, आबा, समजा लग्नात पाचशे पानं एकदम बसली. भरिताचं पातेलं हे एवढं मोठं आहे, पण वाढपी एकच. पानं कोरडी राहतील की नाही? आपल्याला पातेलं मोठं नको, चपळ वाढपी हवेत, आणि जास्त हवेत. आबांचा चेहरा उजळला. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "मंग आसं सांगाना पहिलेच!" मी घामानं भिजून घरी आलो आणि प्राचीला म्हणालो, माझ्यात शिक्षकाचे गुण आहेत. ती वीस वर्षं शाळेत शिकवते. ती म्हणाली, "मुलं 'समजलं' म्हणून ओरडली की मी तो धडा पुन्हा घेते."

पंधरा दिवसांनी नाना भिंतीवरून हसले. माल आला होता. मी धावत गेलो तर टेबलावर डिस्कची चळत. आठ नव्हे, चोवीस.

"तुम्ही आठ वाढपी मागितले होते," नाना म्हणाले, "समितीनं मोठ्या मनानं चोवीस दिले. आणि तुमच्या आठांच्या निम्म्या भावात. आकार बघा, तंतोतंत."

आकार तंतोतंत होता. लहानच होत्या. कारण त्या लॅपटॉपच्या डिस्क होत्या, मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्या मारणाऱ्या. घरातल्या एका माणसानं दिवसातून दोन पत्रं लिहावीत आणि संध्याकाळी एक सिनेमा बघावा, एवढ्यासाठी जन्मलेल्या. मी हे सांगायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. समितीनं छोटासा समारंभ ठेवला होता. शाल अंगावर असताना माणूस खरं बोलू शकत नाही, हा माझा अनुभव आहे.

डिस्क बसवल्या. चोवीस खण, चोवीस हिरवे दिवे. दिसायला दृष्ट लागावी असं. आबा येऊन डोळे भरून बघून गेले. रविवारी सरावाची परीक्षा ठेवली. दहाच्या ठोक्याला चौसष्ट मुलांनी बटण दाबलं, नवव्या मिनिटाला पडद्यावर चक्र आलं आणि बाराव्या मिनिटाला पेटीतला एक हिरवा दिवा पिवळा झाला. मग दुसरा. मग पाचवा. एकमेकांचं पाहून बसल्यासारख्या डिस्क बसत गेल्या.

नाना हादरले. "अहो, पण वाढपी तर तिप्पट केले!"

"नाना, वाढपी चोवीस आहेत," मी म्हणालो, "पण सगळे आधीच जेवून बसलेत."

निवड परीक्षेला एकवीस दिवस उरले होते. मला खरोखर भीती वाटायला लागली. नोकरीची वाटत होतीच, पण त्याहून जास्त त्या पायरीची. कलाबाई पुन्हा तिथे बसतील आणि पुन्हा काही वाईट बोलणार नाहीत, हे मला सहन होणार नव्हतं. मी बंद पडलेली एक डिस्क खिशात टाकून निघालो आणि कोपऱ्यावर हनीफभाईंच्या दुकानासमोर थांबलो. हनीफभाई मोटर वाइंडिंग करतात. तीस वर्षं पाण्याच्या मोटरी, पंखे, कूलर, जे जे फिरतं ते ते त्यांच्याकडे येतं. ते तांब्याची तार गुंडाळत होते.

"क्या सर, चेहरा उतरला आज."

मी सगळं सांगितलं. सांगायचं कुणाला तरी होतंच. ते तार गुंडाळता गुंडाळता ऐकत होते.

"आरपीएम कितना है इसका?"

मी चमकलो. दोन महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. "पाच हजार चारशे."

"आणि पाहिजे किती?"

"दहा हजार."

हनीफभाईंनी तार खाली ठेवली. "दस हजार? इतक्या छोट्या बॉडीत? सर, माझी पाण्याची मोटर चौदाशे चाळीसवर चालते. दस हजार म्हणजे बेअरिंग काय लेवलचं पाहिजे! मग महाग नाही तर काय सस्ती मिळणार?" त्यांनी ती डिस्क अशा आदरानं उलटसुलट पाहिली की माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, भाईजान, एवढंच आबांना सांगाल का?

समितीच्या पुढच्या बैठकीत हनीफभाईंनी सव्वा मिनिट घेतलं. म्हणाले, "आबा, बागेतली मोटर घेताना तुम्ही तिचा डबा मोजता का ताकद बघता?"

"ताकद," आबा म्हणाले.

"मग हिचाबी डबा मोजू नका."

"बराबर शे," आबा म्हणाले, आणि विषय मंजूर. माझी चाळीस मिनिटं, माझी पंगत, माझं भरीत, सगळं पाण्यात. वर आबा मला म्हणाले, "सर, तुम्ही उगाच ते वाढपी-बिढपी लावं. सरळ मोटर शे आसं सांगतात ते पहिल्याच दिनले काम व्हतं."

ठराव क्रमांक अकरा झाला. 'जलद फिरणाऱ्या कॅसेट, नग आठ, तातडीने घेण्यास मंजुरी.' पण कोटेशनं देणाऱ्या तिन्ही दुकानांनी आता हात वर केले; आमच्या पेटीच्या डिस्क नव्या निघतच नाहीत. धुळ्याच्या आग्रा रोडमागे एका दुकानात वापरलेल्या, तपासून विकायला ठेवलेल्या मिळतात. वापरलेला माल म्हटल्यावर समितीनं अट घातली आणि ती नानांनी स्वच्छ अक्षरात लिहिली: 'तज्ज्ञ म्हणून श्री. हनीफ यांनी धुळे येथे जावे. सोबत श्री. बैसाणे यांनी असावे.' सोबत! एकोणीस वर्षांची सेवा, दोन पदविका, आणि मी सोबत.

बसमध्ये हनीफभाईंच्या हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, बाकी सामान काही नाही. दुकानदारानं आमच्यापुढे वीस डिस्क मांडल्या, एकेक कॉम्प्युटरला जोडली आणि पडदा आमच्याकडे वळवला. प्रत्येकीपुढे 'प्रकृती शंभर टक्के'. मी समाधानानं मान हलवली, कारण मला तेवढंच येतं. हनीफभाईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरत्या डिस्कवर हलकेच टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

रस्त्यावरचे दोघे-तिघे आत येऊन उभे राहिले.

"ये रख दो," हनीफभाई म्हणाले. पुढची घेतली. "ही नको. बेअरिंग गेलं."

"चाचा, स्क्रीनवर शंभर टक्के दाखवतंय!" दुकानदार म्हणाला.

"स्क्रीन बोलती है, मी ऐकतो. ही आतून रडते आहे. बारीक. घे, तू ऐक."

दुकानदारानं कान लावला. आधी हसला, मग हसणं थांबलं. त्यानं मग चांगलीला कान लावून पाहिला, पुन्हा रडणारीला लावला. मग मला दिलं. मला फक्त माझ्या कानातलं रक्त ऐकू आलं, पण मी गंभीरपणे म्हणालो, "हं, रडतेय." तज्ज्ञाच्या सोबत असणाऱ्यानं एवढं करावंच लागतं. वीस डिस्कमधून हनीफभाईंनी आठ काढल्या, आणि दुकानदार इतका भारावला की घरची वॉशिंग मशीन आवाज करते, जरा येऊन ऐकता का, असं विचारू लागला. तिथे अर्धा तास गेला. मशीनच्या पोटात लेकराचा मोजा होता.

परतीच्या बसमध्ये हनीफभाई डिस्क वर सामानाच्या फळीवर ठेवू देईनात. "झटका लागला तर खतम." मग मी आठही डिस्क प्राचीनं बरोबर दिलेल्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतल्या. पारोळ्याच्या अलीकडे एका म्हातारीनं मला खिडकीची जागा दिली आणि हळूच विचारलं, "कितला महिनानं शे?" मी म्हटलं, मावशी, डिस्क आहेत. तिनं कीव आल्यासारखं पाहिलं आणि गोधडीचं टोक नीट सारखं केलं. कंडक्टर म्हणाला, लेकरू नसेल तर सामान, सामान असेल तर तिकीट. मी म्हटलं, ट्रस्टच्या नोंदवहीप्रमाणे या कॅसेट आहेत. तो पुढे गेला तो परत माझ्याकडे आलाच नाही. एरंडोलच्या प्रत्येक गतिरोधकाला मी त्या डिस्क पोटाशी धरून अर्धा उठत होतो आणि हनीफभाई "शाबास" म्हणत होते.

निवड परीक्षेचा दिवस. कलाबाई आणि मृणाली सकाळीच आल्या. मृणालीनं मला नमस्कार केला आणि सरळ जिना चढून गेली. कलाबाई पायरीवर बसल्या, त्याच जागी. मला वाटतं त्यांनी मुद्दाम नाही केलं. पण मला ते मुद्दाम केल्यासारखं लागलं.

दहा वाजता मी जिन्याखालच्या खोलीत पेटीवर हात ठेवून उभा होतो. वर चौसष्ट मुलांनी बटण दाबलं. पेटीनं एक बारीकसा सूर धरला. पाच मिनिटं झाली, नऊ झाली, बारा झाली. दिवे हिरवे. अर्धा तास गेला. मी धीर करून वर जाऊन डोकावलो. एकाही पडद्यावर चक्र नव्हतं. प्रश्न दाबला की प्रश्न, उत्तर दाबलं की पुढचा. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण खोलीतली हवा मात्र सुतकासारखी होती. मुलं एकमेकांकडे बघत होती, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. काहींनी तर एकदम मिळून बटणं बडवली आणि आशेनं वाट पाहिली. प्रश्न निमूटपणे येत राहिले. खिडकीजवळ एकटी मृणाली तेवढी मान खाली घालून सोडवत होती.

दोन तासांनी मुलं बाहेर आली. आबांचा पुतण्या युवराज माझ्याजवळ आला. पोरगा मनानं वाईट नाही, नाकासमोर चालणारा आहे, म्हणूनच त्याच्या तोंडून सगळं निघालं.

"सर, सर्व्हरमध्ये फॉल्ट आहे."

"काय झालं? अडला?"

"अडलाच नाही ना सर! चक्रच येत नव्हतं. विचार करायला वेळ कुठे मिळाला?"

"चक्राचा आणि विचाराचा काय संबंध?"

"सर, चक्र फिरतं तेव्हा घड्याळ थांबतं ना. पर्यवेक्षक तुम्हाला बोलवायला खाली धावतात, तेवढ्यात आम्ही सगळे आपसात बोलून घ्यायचो. कुणाला काय येतं, कुणाला काय. दरवर्षीच चालतं सर."

घड्याळ थांबण्याची सोय मीच केली होती. दयेपोटी. सर्व्हर अडला तर मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून. माझ्या दयेवर तिथे दरवर्षी संमेलन भरत होतं. मी विचारलं, "आणि चक्र आलं नाही तर?"

"आणायचं सर. सगळ्यांनी एकदम 'मागचा प्रश्न, पुढचा प्रश्न' दाबत बसायचं. दोन मिनिटांत येतंच. मागच्या वर्षी जरा जास्तच दाबलं गेलं, पूर्ण बंदच पडला." युवराज ते आठवून मनापासून हसला. "आज किती दाबलं सर, बोटं दुखली. हालतच नाही!"

मी हसलो नाही. वर्षभर मी त्या बिचाऱ्या डिस्कना दोष देत होतो. एकाहत्तर उत्तरं डिस्कनी खाल्ली नव्हती, या हसऱ्या पोरांनी दाबून दाबून घालवली होती. आणि त्यांना ते माहीतसुद्धा नव्हतं. मला युवराजचा राग आला, माझा त्याहून जास्त आला.

तेवढ्यात समिती आली. निकालाचीही आमच्याकडे एक पद्धत आहे. मी बटण दाबतो आणि सर्व्हर सगळ्या उत्तरपत्रिका तपासून यादी बनवायला अडीच तास घेतो. यादी झाली की ती आपोआप पुण्याला जाते. त्या अडीच तासांत समिती माझ्या खोलीत बसून चहा पिते, फरसाण खाते, आणि चहा संपता संपता कुणाला तरी आठवतं की अमुक मुलाची वागणूक फार चांगली आहे, समितीच्या अधिकारातले पाच गुण द्यायचे राहिलेच. मग मी काम मध्येच थांबवून ते गुण भरतो. एकोणीस वर्षं भरत आलो आहे, खोटं कशाला सांगू.

आबा खुर्चीत बसले. "काय सर, मशीन चालनं ना? चहा सांगा. आन तेवढं एक शे, आपला युवराज…"

"हो आबा," मी म्हणालो आणि बटण दाबलं. सवयीनं दाबलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो.

पेटीतून तोच बारीक सूर आला. मी चारपर्यंत मोजलं. पडद्यावर यादी आली आणि तिच्याखाली ओळ आली, 'पाठवले'.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"निकाल, आबा."

"आते लागना?"

"लागला. पुण्याला पोचलासुद्धा."

चहावाला अजून कोपऱ्यावरून निघाला नव्हता. आबांनी 'थांबवा' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. नानांनी चष्मा लावून यादी पाहिली. एकूण निकाल मागच्या वर्षीपेक्षा निम्म्यावर आला होता. युवराज एकेचाळिसावा. पहिल्या ओळीवर मृणाली, दुसऱ्यात आणि तिच्यात अठ्ठावीस गुणांचं अंतर.

मी बाहेर पायरीपाशी गेलो. यादीचा कागद मृणालीपुढे केला. मृणालीनं वाचला, पुन्हा वाचला, आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. कलाबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग मला विचारलं, "भाऊ, येवढ्या लवकर? बराबर तपासं ना?"

"चौसष्टही पेपर तपासले, अक्का."

"मंग पहिले इतला येळ कसाले लागत व्हता?"

उत्तर त्या दिवशी मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि पायरीवर, इतक्या माणसांत, बोलवलं नाही.

चार दिवसांनी नानांनी भिंतीवरून एक लिफाफा दिला. देताना माझ्याकडे पाहिलं नाही. आत कारणे दाखवा नोटीस. नव्या कॅसेट बसवल्यापासून अभ्यासिकेचा निकाल घसरला आहे, तेव्हा त्या सदोष आहेत काय? त्या परत करून जुन्या बसवता येतील काय? आणि मुख्य म्हणजे, समितीनं चहा घेण्याच्या आत निकाल एवढ्या घाईनं आधी का पाठवला? तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, तीन प्रतींत.

प्राचीनं नोटीस वाचली आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता पेन आणून दिला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी बरीच सविस्तर लिहिली, त्यात ठराव क्रमांक अकरामधल्या 'जलद' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली. तिसऱ्याखाली एवढंच लिहिलं: 'निकाल आधी गेलेला नाही. आजवर तो उशिरा जात होता.'